खिडकीच्या बिजागरीचं तेल

नणंदेचं तोंडभर कौतुक करणारी भावजय पाहिली नसेल, तर मला पाहून घ्या.

माझी नणंद प्रयोगशाळेत कामाला आहे. घरोघरी प्लॅस्टिकची छोटी डबी टांगायची आणि तीन महिन्यांनी उतरवून आतली फिल्म तपासायची, हे तिचं काम. जमिनीतून, दगडाविटांतून रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत तो साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला, तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. लोक तिला दारातूनच वाटेला लावतात. ही बया दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

मला दिवस गेले तेव्हा बाळासाठी खालची खोली ठरली. खोली अर्धी जमिनीत, फरशी ग्रॅनाइटची. घर सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं, जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. नणंदेनं तिथे डबी टांगली आणि मोजणी संपेपर्यंत खिडकी उघडू नका म्हणून बजावलं. सासऱ्यांनी नाक मुरडलं.

तीन महिन्यांनी आकडा आला, अगदी कमी. सासरे मिशीतल्या मिशीत हसले. नणंदेला मात्र तो पटेना. शेजाऱ्यांच्या घरातल्या तसल्याच खोलीचा आकडा पाचपट होता. ती खाली गेली आणि खिडकी पाहू लागली. बिजागरीला ताजं तेल होतं, आवाज होऊ नये म्हणून घातलेलं.

"बाबा, रोज उघडत होतात ना?"

सासऱ्यांची मान खाली गेली. "माझं घर नापास झालं असतं गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बाळाच्या जिवापेक्षा यांना घराचं नाव मोठं? मी तोंड उघडणार, तोच नणंदेनं माझा हात दाबला.

"बाबा, खिडकी उघडली की वायू जातो, हे तुम्हीच दाखवलंत," ती म्हणाली. "आता थंडीत ती बंद असताना काय करायचं, तेही तुम्हीच सांगा. ही फरशी तुमच्याइतकी कुणाला ठाऊक आहे?"

खरं सांगते, मी बोलले असते तर नुसतं भांडण झालं असतं. तिच्या बोलण्यानं मात्र सासऱ्यांनी छिन्नी-हातोडा काढला. स्वतः बसवलेली फरशी फोडून त्यांनी खालून थेट छपरावर पाइप नेला, वायू बाहेर ओढायला त्याला पंखा जोडला आणि भेगा बुजवल्या. मग नवी डबी टांगली, खिडकीला कुलूप घातलं आणि किल्ली लेकीच्या हातावर ठेवली.

तोवर बाळ झालं. ते वर आमच्यापाशीच झोपायचं. आकडा खरोखर खाली आला त्या दिवशी नणंदेनं कुलूप काढलं आणि सासऱ्यांनी पाळणा स्वतः उचलून खाली नेला.