वकीलसाहेब आणि आबानची मुदत

पहिल्या भेटीत करीमुद्दीन वकीलसाहेबांनी मला बोलूच दिलं नाही. गुलमंडीजवळच्या त्यांच्या बैठकीत चारचौघांसमोर मी पिशवीतून मी बनवलेली लोखंडी पट्टी काढली, तशी त्यांनी डोक्यावरची टोपी उतरवून तिच्यावर ठेवली. "ए कोकण्या, अर्जाआधी साऱ्या गावाला दाखवलंस तर हक्क कशावर मागणार? आत चल."

मी चौथीतून शाळा सोडून रत्नागिरीकडून इतक्या लांब, औरंगाबादेत, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात फिटर झालो होतो. रोलरला अडकलेला कापूस काढताना माणसांची बोटं जात. माझी पट्टी तो लांबून, यंत्र चालू असताना काढी. निजाम सरकारकडून तिचं पेटंट मिळावं, एवढीच आस. पण कागद सगळे उर्दूत, आणि मला उर्दूचा गंध नाही.

मी मराठीत सांगायचो, ते उर्दूत उतरवायचे. "फार चांगली चालते" म्हटलं की त्यांची कलम थांबे. "चांगलं सरकारला नको. वेगळं काय, ते सांग."

अर्ज हैदराबादेला गेला आणि काही महिन्यांनी हरकत आली: अशी पट्टी आधीच आहे, आबानअखेर उत्तर द्या, नाहीतर अर्ज रद्द. जिनातल्या मुकादमानं वाचून दाखवलं. महिना मुसलमानी, म्हणजे चंद्रावरचा, असं मी धरून चाललो. शेजारच्या विणकराला आबानचा चांद कधी दिसेल विचारलं, तर तो हसत सुटला. मी कागद घेऊन वकीलसाहेबांकडे धावलो.

"आबानला कुठला चांद, बेटा?" वकीलसाहेब म्हणाले. "सरकारी फसली महिना हाय तो, सूर्यावर चालणारा. या आठवड्यात संपतोय."

मला रडू फुटलं.

"रडायचं नंतर. जुन्या पट्टीत नाय असं तुझ्यात काय?"

मी पुन्हा "फार चांगली चालते" एवढंच म्हणालो. त्यांनी आतून लाटणं मागवून रोलरसारखं आडवं धरलं. "तोंडानं नको, हातानं सांग." मी पट्टी टेकवून दाबली. टोक स्प्रिंगवर मागं सरकलं.

"जुनी दाबली की अडकते," मी ओरडलो, "ही सरकते!"

"व्हय, हेच लिहायचं."

टपालावर त्यांचा भरवसा नव्हता. उत्तर घेऊन ते स्वतः हैदराबादच्या गाडीत बसले.

पेटंटची सनद आली तेव्हा मी पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरून उभं केलं. "पेटंट चालू ठेवायची पुढची फी कुठल्या महिन्यात, ते बोल आधी."

ती फी भरायची वेळ आली तेव्हा वकीलसाहेब नव्हते. मी एकटाच हैदराबादेला गेलो. कारकून म्हणाला, "अभी तो मुद्दत बाकी है, भई. इतनी जल्दी?"

"माझे वकील वारले," मी म्हणालो. "आता उशीर झाला, तर माझ्यासाठी गाडीत बसणारं कुणी नाही."