मक्याच्या ओळीत चवळी

काही गोष्टी सांगून संपत नाहीत. चवळीच्या शेंगांसारख्या, आज वेल रिकामा करावा, तर परवा पुन्हा लटकलेल्या! कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीमागच्या दोन गुंठ्यांचे किस्से तसेच. मी सांगते, नात टाइप करते. शाळेत गेले नाही, पण विसरतही काही नाही.

यवतमाळकडची तीन एकर विकून मुलाकडे राहायला आले, तेव्हा हाताला मातीच उरली नव्हती. मागची जागा रिकामी दिसली. पण चेअरमन लेल्यांना तिथे पार्किंग हवं होतं. शेवटी ठरलं, अर्ध्यात ते खत घालून मका लावतील, अर्ध्यात मी बिनखताचा. माझा सरस आला तर माती राहील, नाहीतर वार्षिक सभेत पेव्हर ब्लॉकचा ठराव.

लेले म्हणाले, "आजी, हरलात तर रडायचं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही."

लेल्यांनी टेप लावून, दोरी ताणून मका पेरला. मी मक्याच्या दर दोन ओळींच्या मधे चवळी टाकली. आमच्याकडे कपाशीत तूर नसली, तर सासूबाई पेरणी झाली असं मानायच्याच नाहीत!

"अहो आजी, ही गर्दी कशाला? दोन गाड्यांतसुद्धा अंतर ठेवतात."

"गाड्या एकमेकींना जेवू घालत नाहीत, लेले!"

दुसऱ्या मजल्यावरची स्नेहा कॉम्प्युटरवर काम करते. शनिवारी खुरपणीला आली. तासाभराने हाक मारली, "आजी, बघा ना, किती क्लीन झालंय!" बघते तर काय, एका ओळीतले चवळीचे वेल उपटून ढीग रचलेला आणि गवत जागच्या जागी!

"हे का ठेवलंस गं?"

"ते लॉन आहे ना?"

त्या ढिगाचा पुढे तमाशा झाला. लेल्यांना मुळांवर गाठी दिसल्या. लगेच व्हॉट्सअॅपवर फोटो: 'आजींच्या पिकाला रोग. मुलांना तिकडे पाठवू नये.' खाली हात जोडलेली चित्रं वीस. सूनबाई माझ्यासाठी सॅनिटायझर घेऊन आली!

मी सगळ्यांसमोर नखाने एक गाठ फोडली. आत गुलाबी. म्हटलं, "हा रोग नाही, खत आहे. चवळी हवेतलं नत्र घेते, इथे साठवते. मुळं कुजली की पुढच्या पिकाला मिळतं."

"म्हणजे बिल्ट-इन!" स्नेहा म्हणाली.

"सिद्ध करा," लेले म्हणाले.

पहिली तोडणी झाली. खोटं कशाला बोलू, लेल्यांची कणसं मोठी होती. माझ्याकडे लहान कणसं आणि वर दोन पिशव्या शेंगा.

"स्पर्धा मक्याची होती," लेले म्हणाले.

मी वेल कापून तिथेच पसरले, मुळं जमिनीत राहू दिली आणि पुन्हा मका टोचला. लेल्यांनीही टोचला, खताची गोणी रिकामी केली. मग आठवडाभर पाऊस कोसळला. त्यांचं खत गेलं वाहून, मका पिवळा पडला. माझा काळपट हिरवा!

लेले रोज चष्मा लावून बघून जायचे. "माझ्या बाजूला सावली जास्त पडते."

"संध्याकाळी माझ्याही बाजूला पडते हो."

वार्षिक सभा आली. दुसरा मका अजून कणसावर यायचा होता आणि नवीन गाड्या घेतलेली मंडळी पुढच्याच रांगेत बसलेली.

"विषय क्रमांक एक, पार्किंग," लेले उभे राहिले. वाचायला म्हणून खिशातून चष्मा ओढला आणि चष्म्याबरोबर टेबलभर चवळीचे दाणे सांडले.



लेल्यांनी एकेक दाणा वेचून खिशात टाकला, चष्मा लावला, कागदाची घडी घातली.

"विषय पुढच्या वर्षी घेऊ. माझी पेरणी व्हायची आहे."