भात खाल्ला का?

मागच्या भाषणात लोक झोपले होते. आज चंद्रपूरच्या सभेत श्रीलंकेची ओळख करून द्यायची होती, म्हणून मूल गावाहून सुटलेल्या बसमध्ये मी मोठ्याने घोकत होतो, "साम्राज्यशाहीने पिळलेलं हे बेट..."

शेजारच्या म्हाताऱ्या बाई तिथल्या बौद्ध विहारांची यात्रा करून आलेल्या. माझ्या हातातल्या पत्रकावर टिचकी मारून म्हणाल्या, "बाबू, तू गेलता का तिथी?"

"नाही."

"मंग काऊन वरडून राह्यला? समुद्र म्हंजे बिनापाळीचा, बिनाबांधाचा तलाव. खारा, धानाले कामाचा नाई. दर पौर्णिमेले सुट्टी. अन् माणूस भेटला का पहिले इचारते, भात खाल्ला का?"

"आणि जनतेचा संघर्ष?"

"जेवल्यावर."

सभेत मी पत्रक खिशात ठेवलं आणि विचारलं, "भात खाल्ला का?"

"नाई!" अख्खं सभागृह ओरडलं.

इतकी जागी जनता मी प्रथमच पाहिली.