मामांनी न सांगितलेलं नाव

मामा गेल्याचा ढोकीहून फोन आला, तेव्हा मी त्यांच्याच बचावाचं निवेदन टाईप करत होते. खातेनिहाय चौकशीची पुढची तारीख चार दिवसांवर आली होती. अर्धं वाक्य तसंच सोडून मी उठले...

मामा जेलात शिपाई होते. मुलाखतीच्या खिडकीवर ड्यूटी असताना एका कैद्याची म्हातारी आई वेळ संपल्यावर पोचली. तिची एसटी उशिरा आली होती. रजिस्टर बंद झालं होतं. मामांनी तिला जाळीपलीकडून पाच मिनिटं लेकाशी बोलू दिलं आणि नोंद केली नाही. पुढच्याच आठवड्यात त्या बराकीत मोबाइल सापडला. तो नोंद नसलेल्या 'अज्ञात व्यक्ती'नं दिला आणि मामांनी देऊ दिला, असं दोषारोपपत्रात आलं. मामा निलंबित झाले.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. सरकारी मराठी वाचताना अडखळायचे. "एवढी शिकली, अन् हिला 'अपचारी' वाचता येईना," मामा मामीला सांगून हसायचे. कागदातला अपचारी, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो कर्मचारी, ते स्वतःच.

एकदाच मी धीर करून म्हणाले, "मामा, त्या आजींना साक्षीला बोलवा ना. काही दिलं नाही, एवढंच सांगतील."

"न्हाय. लेक पुण्याला कंपनीत हाय, असं सांगितलंय तिनं गावात. साक्षीचा कागद गावात गेला, तर तिला तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल का?"

"आणि तुम्हाला?"

"नोंद न्हाय केली म्या, ती चूक लिही. मोबाइलचा डाग तेवढा पुसला पायजे. लई जड हाय तो."

मी वाद घातला नाही. मी कुणाशीच घालत नाही... पण तेव्हा घालायला हवा होता. सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी साहेबांचा प्रश्न तीनदा ऐकला, "कोण होती ती बाई?" तिन्ही वेळा आत शांतता. तिचं गाव मी इथंही लिहिणार नाही.

महिन्याभरानं कागद आला : अपचारी मयत झाल्यामुळे चौकशी बंद करण्यात येत आहे. दोषी नाही, निर्दोषही नाही.

"काय म्हंतेत? सुटले का गं ते?" मामीनं विचारलं.

"व्हय मामी, सुटले."

मामी पेपर वाचत नाही, म्हणून हे लिहू शकते.

निलंबनात वर्दी घालता येत नाही. तरी मामा दर रविवारी तिला इस्त्री करून खिळ्याला अडकवायचे. आता मामी करते. आधी शर्टाच्या खिशातून तो 'सुटल्याचा' कागद काढून ठेवते, आणि इस्त्री झाली की घडी न मोडता परत खिशात घालून बटण लावते.