पालकाची भाजी आणि रक्त पातळ करायची गोळी

माझ्या सासूबाईंना मी तीन महिने रोज पालक खाऊ घातला आणि त्यात त्या जवळजवळ गेल्या. मुद्दाम नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण डोंबिवलीत ही गोष्ट सांगायला घेतली की बायका खुर्ची पुढे ओढतात आणि हळूच विचारतात, "म्हणजे साधारण किती पालक?"

तेव्हा मी चाळिशीची होते आणि मला सगळं येत होतं. आता सत्तरी उलटली, बरंचसं येईनासं झालंय. त्यामुळे घरातली माणसं सुरक्षित आहेत.

मी एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात टायपिस्ट होते. डॉक्टर खरडायचे, मी टाइप करायचे. वेग उत्तम होता. अर्थ हे माझं खातं नव्हतं. पण 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' न बघता टाइप करता येऊ लागलं की हार्ट अटॅक आपल्याला समजला असं वाटायला लागतं. मला ते फार लवकर वाटायला लागलं.

बिल्डिंगमध्ये माझं वजन वाढलं. लोक लॅबमधून निघाले की घरी जायच्या आधी रिपोर्ट घेऊन आमच्या दारात थांबत. तळमजल्यावरच्या काकांचा ईसीजी मी असाच एकदा हातात घेतला, चष्मा काढला आणि म्हटलं, "काका, साइनस टॅकिकार्डिया आहे. जरा बसून घ्या." काका बसले. तीन दिवस बसूनच होते. मुलीला पुण्याहून बोलावून घेतलं. नाडी जलद चालली आहे, एवढाच त्याचा अर्थ. लॅबची लिफ्ट बंद होती आणि काका चार मजले चढून गेले होते. माझा सगळ्यात लाडका शब्द 'इडिओपॅथिक'. म्हणजे आजाराचं कारण डॉक्टरांनाही ठाऊक नाही. नवऱ्याच्या काही सवयींना मी तो बरीच वर्षं लावत असे.

सासूबाई कल्याणच्या एका मराठी शाळेत मास्तरीण होत्या, तेव्हा निवृत्त झालेल्या. एक दिवस म्हणाल्या, "छातीत कबुतर फडफडल्यासारखं होतंय गं." आमच्याच डॉक्टरांनी तपासलं. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसायचे ते नुसते थरथरतात. आत रक्त साचतं, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. ही गोळी फार मानी असते. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, त्यात आयएनआर म्हणून एक आकडा येतो, तो दोन आणि तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्त वाहायला लागलं की थांबत नाही.

गोळीबरोबर दवाखान्याचा सूचनांचा कागद मिळतो. इंग्रजीत होता. मीच टाइप केलेला, एकदाच. पुढे कॉम्प्युटरमधून नुसता निघत राहिला. मी तो फ्रीजवर लोहचुंबकाने लावला.

"काय लिहिलंय गं त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. नेहमीचंच."

सासूबाईंच्या रक्ताच्या रिपोर्टात खाली आणखी एक शब्द होता, ॲनिमिया. हिमोग्लोबिन कमी. मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार केला. आधीच रक्त कमी, त्यात ते पातळ करायचं. आमटी कमी असेल आणि वर पाणी घातलं तर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मग ती भरायला नको का? नवरा कल्याणच्या मार्केटातून पालकाच्या जुड्या आणू लागला. पातळ भाजी, पीठ पेरून, पराठे, डाळीत. मध्ये मेथी, चवीत बदल म्हणून. सासूबाई ताटाकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि जेवायच्या.

आकडा आला एक पूर्णांक चार. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल?" मी म्हटलं, "छे, अगदी साधं घरचं." डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. पुन्हा कमीच आला. पुन्हा वाढवला. तिसऱ्यांदा आकडा दोनच्या वर बसला. मी पालकाला श्रेय दिलं.

तेवढ्यात नणंदेने आईला महिनाभर राहायला बोलावलं. ती ठाण्यात बाळकुमला, नव्या कॉम्प्लेक्समध्ये. तिच्याकडे माशांशिवाय पान हलत नाही आणि पालेभाजीला तिचा नवरा चारा म्हणतो. सासूबाई गेल्या आणि त्यांचा पालक एका दिवसात बंद झाला. वाढवलेला डोस मात्र चालू. आठवड्याने रक्त तपासायचं होतं. नणंदेने फोनवर विचारलं तर मी म्हटलं, "आता आकडा बसलाय. इकडे आल्यावर करू."

दोन आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. "वहिनी, आईच्या हिरडीतून सकाळपासून रक्त येतंय, थांबत नाही. आणि दंडावर एवढं मोठं काळंनिळं झालंय. नुसता बीपीचा पट्टा बांधला होता तिथे."

मी म्हटलं, "एकिमोसिस."

"म्हणजे काय?"

"काळंनिळं होणं."

"ते मीच तुला आत्ता सांगितलं."

मग ती म्हणाली, "तू येतेस का? मला भीती वाटतेय." तेव्हा पहिल्यांदा मलाही वाटली. इतके शब्द माहीत असून त्यातला एकही रिक्षात उपयोगी पडत नव्हता. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत मी नुसती 'आई, आई' म्हणत होते. नवऱ्याने फाइल मांडीवर घट्ट धरली होती. फ्रीजवरचा कागदही त्याने काढून त्यात घातला होता. घाईत माणूस जे दिसेल ते घेतो.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये नणंदेने आईला आधीच नेलं होतं. आकडा सातच्या पुढे. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "आत्ता हिरडीतून येतंय ते दिसतंय तरी. डोक्यात सुरू झालं तर दिसणारही नाही." स्कॅनला नेलं. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. नणंदेच्या साडीवर वाळलेला डाग होता आणि ती तो नखाने खरडत होती.

स्कॅन स्वच्छ निघाला. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरने मग फाइल उघडली आणि विचारलं, "डोस इतका का वाढवावा लागला? पालेभाज्या फार खायच्या का?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. बाजारातून जुड्या त्याने वाहिल्या होत्या.

डॉक्टरने कागद काढून आमच्यासमोर धरला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. पालेभाज्या रोज खाता तेवढ्याच खाव्यात. एकदम वाढवू नयेत, एकदम बंद करू नयेत. त्यांच्यात जे व्हिटॅमिन के असतं ते नेमकं या गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणजे मी तीन महिने एका हाताने गोळी देत होते आणि दुसऱ्या हाताने तिचा उतारा. आमच्या डॉक्टरांनी डोस वाढवला तो गोळीला पालकाशी लढता यावं म्हणून. बाळकुमला पालक संपला आणि गोळी एकटीच उरली.

"लिहिलेलं असतं सगळं," डॉक्टर म्हणाला. "कुणी वाचत नाही." कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं असायची पद्धत होती. माझी अगदी सुबक आली होती.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी एकटी आत गेले. सासूबाईंच्या गालात कापसाचा बोळा होता, दंड वांग्यासारखा झालेला. मी खुर्चीच्या कडेवर टेकले आणि सगळं सांगितलं. पालकाचं, न केलेल्या तपासणीचं, कागद मीच टाइप केला होता त्याचं. कुठलाही मोठा शब्द वापरला नाही. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही, वर्गात मूल चुकीचं उत्तर देत असलं तरी पूर्ण ऐकून घ्यायची सवय. मग बोळा बाजूला काढून ठेवला आणि म्हणाल्या,

"आता तो कागद मला मराठीत वाचून दाखव. टाइप करतेस तसा नको, वाचतात तसा. आणि खाली एक ओळ घाल, पेशंटला पालक पहिल्यापासून आवडत नाही."