माझ्या ताटातलं दही

मला साखर निघाली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त उत्साह मुलाला आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, गोड बंद केलं. एवढंच. मुलगा मात्र हिंजवडीच्या ऑफिसातून तक्ता छापून घेऊन आला. त्यात दूध, दही, ताक, सगळ्यांवर काट. सोबत स्ट्रॉबेरीच्या वासाच्या विकतच्या दह्याचे सहा कप.

"आई, हे पोटाला चांगलं असतं. घरचं दही आता बंद."

मी चष्मा लावून कपावरची बारीक अक्षरं वाचली. जन्मभर शाळेत पेपर तपासलेत, बारीक अक्षराला मी भीत नाही. दुधानंतर दुसरा शब्द साखरच होता.

"हे तूच खा," म्हटलं. "तुला अजून झालेली नाही."

दही मी रोज विरजते. कुणी सांगितलं म्हणून ते बंद करणारी मी नव्हे. पण खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं त्याच दह्यावर मी दोन-दोन चमचे साखर घालत होते. चोर कोण ते मला ठाऊक होतं. मुलाला म्हटलं, "तीन महिने दे. गोळ्या घेईन, दही नुसतं खाईन, रोज मंडईपर्यंत चालत जाईन. आकडा उतरला नाही, तर माझं ताट तुझ्या तक्त्याच्या ताब्यात."

पहिले आठ दिवस ते आंबट दही मी निव्वळ रागाच्या जोरावर गिळलं. मग जिभेनेच माघार घेतली.

तीन महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला निघाले. चपला घातल्या आणि ह्यांनी दाराशी माझ्या हातावर दही-साखर ठेवली. आमच्याकडे परीक्षेला कुणी तसंच जात नाही. मीही सवयीने चाटून मोकळी झाले.

लॅबमधल्या मुलीने विचारलं, "काकू, उपाशी आहात ना?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

"नाही. नवऱ्याने शुभेच्छा खाऊ घातल्यात."

ती हसत म्हणाली, "उद्या या."

घरी येऊन मी ह्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. "तीन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी ओतत होतात!"

हे खाली बघत म्हणाले, "तू नुसती भांडत असतेस. मला भीती वाटते गं. मला दुसरं काय करता येतं?"

मला एकदम रडूच आलं. तीन महिने मी मुलाशी लढत होते, आणि घाबरलेल्या माणसाकडे माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन गेले.

आकडा उतरला होता. फार नाही, पण उतरला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणि चालणं सोडू नका, बिनसाखरेचं दही खुशाल खा.

"हे चालण्यामुळे झालं, दह्यामुळे नाही," मुलगा म्हणाला.

असेलही. मी डॉक्टर नाही. मला माझ्या ताटाशी मतलब.

रविवारी जेवताना त्याच्या पानात वाटीभर दही वाढलं. त्याने एक चमचा खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि साखरेचा डबा ओढला. मी डब्यावर हात ठेवला.

"माझ्या एकटीच्या काळजीने तुझे बाबा अर्धे झालेत," म्हटलं. "तुझी त्यांना झेपणार नाही. खा मुकाट्याने."