ज्या प्रश्नाला ‘हाव’ म्हणता येत नाही

शिक्षण संपवून मी धुळ्याहून जळगावला आले ती ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत, तक्रारींचे फोन घ्यायला. मुलाखत इंग्रजीत झाली होती आणि ती मला बरी गेली होती. फोनवर अनोळखी माणसांशी दिवसभर बोलायचं आहे, हे नेमणुकीनंतर कळलं. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाणारी.

काम साधं वाटायचं. शेतकऱ्याचा फोन आला की कॉम्प्युटरवरचे प्रश्न ओळीने विचारायचे. फिल्टर तुंबलाय का? नळी फुटलीय का? व्हॉल्व्ह बंद आहे का? मिळालेल्या उत्तरांवरून बिघाड ठरायचा, त्याप्रमाणे सामान गाडीत चढायचं आणि मेकॅनिक निघायचा. फोन जितका लवकर संपेल तितकं काम चांगलं, असा पुण्याच्या मुख्य कचेरीचा हिशेब होता.

आमच्या विभागाच्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. मेकॅनिक त्यांना अक्का म्हणत. मी लागले त्याच उन्हाळ्यात त्या एकदा मेकॅनिकच्या गाडीत बसून अमळनेरकडे गेल्या होत्या. गाडीत फिल्टरची जाळी होती आणि शेतात बिघाड मोटारीचा निघाला. फोन त्यांनी स्वतःच घेतला होता.

“मी विचारलं, फिल्टर तुंबलाय का? तो म्हणाला, हाव,” परत आल्यावर त्यांनी फोन घेणाऱ्या आम्हा चौघींना सांगितलं. “मोटारीचं विचारलं असतं, तरी हाव म्हणाला असता. मग मी त्याला विचारलं, भाऊ, असं का सांगितलंत? तर म्हणाला, तुम्हीच म्हणत होतात ना फिल्टर.”

आमच्याकडे हाव म्हणजे हो. पण कचेरीतल्या माणसाला दिलेला हाव म्हणजे नुसतं ‘ऐकतोय’ असाही असतो. समोरचा शिकलेला, तो विचारतोय म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार, त्याला नाही कशाला म्हणा. याच भागात वाढलेल्या आम्ही हे रोज ऐकत होतो आणि त्याचा कामाशी काही संबंध असेल असं आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

मॅडमनी नियम केला: ज्याला हाव म्हणून उत्तर देता येईल असा एकही प्रश्न विचारायचा नाही. पाणी कुठपर्यंत येतं, कुठे थांबतं, आत्ता उभे आहात तिथे काय दिसतंय, असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं इतरांना फार जड गेलं. फोनवर शांतता झाली की अमळनेरची माझी सहकारी स्वतःच बिघाड सुचवून मोकळी व्हायची. मला मात्र गप्प बसायला शिकावं लागलं नाही.

“हिची मजा आहे,” ती म्हणायची. “हिला पगारच गप्प बसायचा मिळतो.”

“तुला बोलायचा मिळतो, म्हणून गाडी दोनदा जाते,” मॅडम कागदावरून मान वर न करता म्हणाल्या. सगळ्या हसल्या, तीसुद्धा.

गाडीच्या दुसऱ्या खेपा कमी झाल्या. पण फोन लांबले आणि पुण्याला आकडे फोनचेच जात होते. हे काम पुण्यातल्या एका एजन्सीला द्यायचं चाललं आहे, असं कानावर येऊ लागलं. मॅडमनी ते लपवलं नाही. एका सकाळी त्या म्हणाल्या, “पुण्याहून मोठे साहेब येताहेत. विभाग ठेवायचा की बंद करायचा, ते बघायला. तुम्ही रोजच्यासारखंच काम करा.” विभाग बंद झाला तर आम्हा चौघींना दुसरीकडे घेण्याचं कुणी कबूल केलं नव्हतं. मॅडमना इतरत्र जागा मिळाली असती. तरीही त्यांनी आम्हाला त्या एका दिवसापुरते फोन आवरते घ्यायला सांगितलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर सांगितलं असतं.

साहेब सभ्य होते. खुर्ची ओढून माझ्याच टेबलापाशी बसले आणि म्हणाले, “एक फोन मी घेतो.” पारोळ्याजवळच्या गावातून एका नानांचा फोन आला. ठिबकला पाणी येत नव्हतं. साहेबांनी जुने प्रश्न ओळीने विचारले. फिल्टर तुंबलाय का? हाव. कचरा दिसतोय का? हाव. म्हणजे फिल्टरच बदलायला हवा? हाव साहेब. फोन बघता बघता संपला. साहेबांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. नजरेत टोचणी नव्हती, पण ‘बघितलंस?’ हे होतं. मग ते जेवायला गेले.

मॅडम माझ्याजवळ आल्या. “त्या नानांना परत फोन लाव. साहेब चुकले असं म्हणू नकोस. थोडी माहिती राहिली म्हण.”

मी फोन लावला. “नाना, जळगावहून बोलतेय. थोडी माहिती राहिली होती. आता कुठे उभे आहात?”

“वावरमाच शे ताई.”

“शेतात आत्ता काय दिसतंय?”

मग मी थांबले. फोनवर वारा ऐकू येत होता. नाना चालत असावेत.

“वरना भागले पानी शे,” ते म्हणाले. “मधमा चिखल शे. खालना बठ्ठा भाग कोरडा शे.”

“हं.”

“खारी नळ्या कुरतडतस ना ताई. तठेच चिखल शे.”

म्हणजे खारींनी मधेच नळी कुरतडली होती; याला नळी आणि जोड लागणार होते, फिल्टर नाही. मी लिहीत असताना मागे चाहूल लागली. साहेब लवकर परतले होते. त्यांना फक्त माझं ‘हं’ ऐकू येत होतं.

“या बोलत का नाहीत?” त्यांनी मॅडमना हळूच विचारलं. मॅडमनी दुसरा हेडफोन माझ्या फोनला जोडून त्यांच्या हातात दिला.

आता साहेबही ऐकत होते. पण पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता. “नाना, मघाशी साहेबांना हे का नाही सांगितलं?”

“साहेब बोली राहिना व्हता ना, फिल्टर फिल्टर,” नाना शांतपणे म्हणाले. “मोठा माणूसले नई कसं म्हनो? मी हाव म्हनी दिधं.”

साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“माझ्या वेळी अमळनेरला असंच झालं होतं,” मॅडम म्हणाल्या. “मी तर गाडीत बसून तिथपर्यंत गेले होते.”

साहेब थोडं हसले. “पण वेळ फार जातो.”

“जातो. गाडी पारोळ्याला दोनदा जाण्यात जातो, त्यापेक्षा कमी. फोन मोजू नका असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या खेपाही मोजा.”

एवढंच त्यांचं बोलणं. त्यांना बढती हवी होती का, हा नियम आपल्या नावावर लागावा असं वाटत होतं का, मला माहीत नाही. मला लक्षात राहिली ती त्यांची आवाज न चढवण्याची पद्धत. साहेबांची चूक त्यांनी खोलीतल्या कुणालाही दाखवली नाही आणि साहेबांपासून मात्र लपवली नाही. नानांच्या तक्रारीतला फेरबदल त्यांनी ‘ग्राहकाने नंतर अधिक माहिती दिली’ असा नोंदवला. ते खोटंही नव्हतं.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. पुण्याहून काही येत नव्हतं. अमळनेरची सहकारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या नोकऱ्यांचे अर्ज भरू लागली, मीही एक भरला. मग एका दुपारी मॅडमनी आम्हाला बोलावून मेल वाचून दाखवला. विभाग जळगावलाच राहणार होता. आतापासून दुसऱ्या खेपाही मोजल्या जाणार होत्या. आणि नाशिककडचे फोनही आमच्याकडेच येणार होते, माणसं तेवढीच.

“घ्या, हे बक्षीस,” अमळनेरची म्हणाली.

“नको असेल तर परत करू,” मॅडम म्हणाल्या आणि नाशिककडच्या गावांची नावं कशी उच्चारतात ते विचारायला तिथल्या कचेरीत फोन लावून बसल्या.

संध्याकाळी मी धुळ्याला आईला फोन केला. नोकरी राहिली म्हणून सांगितलं.

“पगार वाढला का?” तिने विचारलं.

“नाही. काम वाढलं.”

“मग एवढी खूश का आहेस?”

मी नेहमीसारखी थांबले. आई वाट बघत राहिली. शेवटी मी तिला मॅडमबद्दल सांगायला लागले.